जुन्या पेट्रोल जीपचा 'स्लो' दर पंधरा दिवसांनी का पडतो?

इंजिन गरम आहे, घाट उतरून सपाटीला आलात, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन दोनदा अंग झटकतं आणि बंद पडतं. चोक जरा ओढून धरला तर चालतं. मिस्त्रीकडे नेली की तो चारही प्लग काढतो, पॉलिश पेपर मारतो, हॅकसॉच्या पात्यावर गॅप (ठिणगी उडते ती फट) लावतो, स्लोचा, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या मंद वेगाने चालत राहतं त्याचा, स्क्रू अर्धा फेरा आत घेतो. गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागते. पंधरा-वीस दिवस जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या घरच्या जीपचं हे दुखणं दीड वर्ष चाललं. गाडी महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटवाली. विलीजने हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं आणि १९६८ मध्ये बंद केलं, पण आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. वडिलांनी तिचा वापर कायम छोट्या ट्रकसारखाच केला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत खताची पोती, आणि महिन्यातून एकदा तरी वरंध घाट. पुढे बहुतेकांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिनं टाकली. आमच्या गाडीत मूळचं पेट्रोल इंजिन अजून आहे. तेच ते 'हरिकेन', चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. बॉनेट उंच करावं लागलं ते या उंच हेडमुळेच.

दीड वर्षात मी प्लगचे तीन सेट घेतले, कार्बोरेटर दोनदा सर्व्हिस केला, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल एकदा उगीच बदलली. दोष यातल्या कशातच नव्हता. तो सापडला, कारण एका रविवारी वैतागून मी वही घेऊन बसलो आणि स्क्रूला हात न लावता फक्त मापं घेत गेलो.

आधी मापं सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. या इंजिनाला प्लगचा गॅप ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिमी; मिस्त्रींच्या भाषेत तीस थाऊ. मूळ अमेरिकन पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला (चारही प्लगना ठिणगी वाटणारा तो) पॉइंटचा, म्हणजे त्यातल्या उघडझाप करणाऱ्या स्विचचा, गॅप ०.०२० इंच, म्हणजे ०.५१ मिमी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यांत वर पोचतो ती जागा) ५ अंश आधी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. स्लो साधारण ६०० आरपीएम. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची फट, थंड इंजिनावर, इनटेक ०.०१८ इंच आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच. पण तुमच्या गाडीचा डेल्को मूळचाच आहे का, हे आधी बघा. (डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडे सगळे डेल्कोच म्हणतात, कंपनी कुठलीही असो.) इतक्या वर्षांत कुणीतरी लुकास पद्धतीचा बसवलेला असू शकतो आणि त्याचा पॉइंट गॅप कमी असतो, ०.३५ ते ०.४० मिमी. त्याला ०.५१ लावलात तर कॉइल भरायला वेळच पुरत नाही आणि वरच्या वेगाला मिसिंग येतं, ठिणगी मधेच चुकते.

प्लग

हॅकसॉच्या पात्याला नावं ठेवणार नाही. हाताच्या करवतीचं पातं साधारण ०.६५ मिमी जाडीचं असतं. रस्त्यात अडकलात तर तेवढ्यावर घरी पोचता येतं. पण ते ०.७६ नव्हे, आणि दातांच्या बाजूने धरलं तर दात डावे-उजवे वळवलेले असल्यामुळे माप आणखी वेगळं येतं. चार प्लगला चार मापं लागतात ती अशी.

फिलर गेजचीही एक खोड आहे. वापरलेल्या प्लगच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून खळगा पडलेला असतो. गेजची सपाट पट्टी त्या खळग्याच्या काठांवर टेकते. तुम्हाला वाटतं तीस थाऊ, प्रत्यक्षात खळग्यात पस्तीस-चाळीस. म्हणून जुन्या प्लगला तारेचं गेज वापरावं. ते नसेल तर आधी बारीक कानशीने मधल्या इलेक्ट्रोडचं टोक आणि बाजूच्याचा आतला भाग सपाट करून घ्यावा, मग पट्टी घालावी. धारदार कडेवरून ठिणगी सहज उडते. गोल झालेल्या टोकावरून उडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे कानशीच्या दोन हातांत दोन्ही कामं होतात. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्यावर टेकू देऊन पेचकसाने उचकटलंत तर आतलं चिनीमातीचं नळकांडं तडकतं. ती तड डोळ्यांना दिसत नाही आणि तो प्लग पुढे कधी चालतो, कधी नाही.

तारेच्या ब्रशने खसाखसा घासू नका, पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि करंट त्या रेघांवरून पळतो. रेती मारून साफ करून घेतलेत तर खाचेत अडकलेली रेती हवेने नीट उडवा. ती सिलिंडरमध्ये गेली तर रिंगांचं काय होईल ते सांगायला नको.

प्लग काढल्यावर ते क्रमाने मांडून ठेवा, एका डबड्यात टाकू नका. चारही कोरडे काळे, काजळी धरलेले असतील तर मिश्रण जाड आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. ओला, तेलकट काळा असेल तर तेल वर येतंय. बदामी-तपकिरी म्हणजे तब्येत ठणठणीत. पांढरा पडून फोड आल्यासारखा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा टायमिंग फार पुढे आहे. आणि एकच काळा, बाकीचे तीन बदामी, असं असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. कार्बोरेटर चौघांना मिळून एकच आहे, तो एकट्या चौथ्यावर राग काढणार नाही. त्या सिलिंडरची वायर, डेल्कोच्या झाकणातलं (कॅपमधलं) त्याचं टोक, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा.

दुकानदार देईल तो प्लग घेऊ नका, आट्यांची लांबी बघून घ्या. या हेडला १४ मिमीचा, आखूड आट्यांचा (साधारण साडेनऊ मिमी) प्लग लागतो. लांब आट्यांचाही बसतो, म्हणूनच धोका. जास्तीचे आटे आत डोकावतात, तापतात, त्यांच्यावर कार्बन चढतो आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. बसवताना हाताने शेवटपर्यंत फिरवा. नवीन वॉशर असेल तर मग पान्याने अर्धा फेरा, बस.

हे सगळं मी केलं. चारही प्लग ०.७६ वर, रंग बरा. स्लो सुधारला, आणि अठराव्या दिवशी गाडी पुन्हा भोरच्या बाजारात बंद पडली. मागून हॉर्न, पुढे म्हैस.

वहीतला आकडा

दर रविवारी मी तीन गोष्टी मोजत होतो, प्लग गॅप, पॉइंट गॅप आणि टायमिंग. प्लगचं माप जिथल्या तिथे होतं. पॉइंटचं मात्र पहिल्या रविवारी ०.५१, दुसऱ्याला ०.४५, तिसऱ्याला ०.३९, आणि बंद पडली त्या दिवशी ०.३३. टायमिंग लाइट लावला तर ५ अंश आधी असायला हवी ती खूण टीडीसीच्या पलीकडे गेलेली.

पॉइंटच्या हलत्या हाताला फायबरची एक टाच असते. ती डेल्कोच्या कॅमवर घासत राहते. कॅमचा उंचवटा आला की टाच ढकलली जाते, पॉइंट उघडतो आणि त्या क्षणी ठिणगी पडते. टाच झिजली की तोच उंचवटा तिला कमी ढकलतो. गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते, म्हणजे टायमिंग आपोआप मागे सरकतं. मागे सरकलेल्या टायमिंगवर इंजिन स्लोला दम धरत नाही. मिस्त्री स्लोचा स्क्रू आत घेतो, थ्रॉटलची (हवेची वाट कमी-जास्त करणारी) चकती जरा जास्त उघडते, इंजिन चालतं. टाच झिजत राहते. पंधरा दिवसांनी आणखी अर्धा फेरा.

टाच थोडीफार झिजतेच, पण ती हजारो किलोमीटरमध्ये. तीन आठवड्यांत का झिजावी? कॅपखालचा फिरता रोटर काढून कॅमवर बोट फिरवलं तर तो कोरडा ठणठणीत, आणि एका बाजूला गंजाचे बारीक दाणे. आधीच्या एका पावसाळ्यात कॅपमध्ये ओल गेली होती, त्याची ती खूण. म्हणजे फायबरची टाच दीड वर्ष पॉलिश पेपरवर घासत होती. मधे पॉइंट बदलला तेव्हाही कॅमला ग्रीस कुणीच लावलं नव्हतं. मीही नाही, हे कबूल करतो. दोष सगळा मिस्त्रीच्या माथी मारून चालणार नाही.

इलाज पंधरा मिनिटांचा. अगदी बारीक, घासून गुळगुळीत झालेल्या पॉलिश पेपरला तेल लावून कॅमवरचा गंज काढला. उंचवट्याचा आकार बदलणार नाही इतक्या हलक्या हाताने. मग रॉकेलच्या फडक्याने पुसून जास्त तापमानाचं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, टाचेच्या ज्या बाजूकडून कॅम येतो त्या बाजूला. दाण्याएवढंच. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि मग वेगळंच रडगाणं सुरू. रोटरखाली फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर दोन थेंब इंजिन ऑइल.

पॉइंट लावताना चारही उंचवट्यांवर गॅप मोजा, एकावर मोजून सोडू नका. माझे आले ०.५१, ०.५०, ०.४३, ०.५०. एवढा फरक म्हणजे शाफ्टच्या बुशमध्ये प्ले आहे. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघितला तर हलतो हे कळत होतं. बुश लेथवाल्याकडून नवीन घालून घेतला. हे केलं नाही तर एक सिलिंडर कायम वेगळ्या टायमिंगवर चालतं आणि स्लोला गाडी लंगडते, तुम्ही कार्बोरेटरशी कितीही झटापट करा. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर कंडेन्सरही बदला.

पॉइंटला हात लागला की टायमिंग पुन्हा लावायचंच. उलट क्रमाने केलं तर पहिलं काम वाया. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवा, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणि खूण ५ अंशांवर आणा, स्विच ऑन करा, डेल्को ढिला करून बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे आवळा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. उलटा झटका बसला तर मनगट जातं. आमच्या गल्लीत तसं झालेलं हाड अजून पावसाळ्यात दुखतं.

हवा कुठून घेतेय?

पॉइंट-टायमिंग नीट झाल्यावरही स्लो डगमगत असेल तर बाहेरची हवा आत जातेय का बघा. लोक इथे इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग शोधत बसतात. या इंजिनाला वेगळं इनटेक मॅनिफोल्ड नाहीच, ते हेडमध्येच ओतलेलं आहे. त्यामुळे संशयित मोजकेच उरतात. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, झिजलेला थ्रॉटल शाफ्ट, क्रँककेसची वाफ परत इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह, आणि जुन्या गाड्यांना इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची रबरी नळी. ही शेवटची नळी सगळ्यांत लबाड. डॅशबोर्डमागे ती चिरलेली असते आणि गेल्या दहा वर्षांत वायपर कुणी लावलेलाच नसतो.

एकेक नळी पक्कडीने चिमटून बघा. चिमटल्यावर स्लो सुधारला तर चोर सापडला. थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना इंजिन ऑइलचा थेंब सोडा; तो आत ओढला जाऊन आवाज क्षणभर बदलला तर शाफ्टचं भोक मोठं झालंय. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे वीर मी पाहिलेत. तुम्ही ते करू नका.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर फार बरं. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोवर १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करा. पुण्याच्या उंचीवर १६ ते १९ आलं तर घाबरायचं कारण नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा हवा घेतेय. ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, टॅपेट तपासा. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड असल्याने ते बघायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि घट्ट राहून जळतो तोही एक्झॉस्टचाच.

आता स्क्रू

हे सगळं झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावायचा. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, एअर क्लीनर जागेवर. तेलाचा क्लीनर काढून ट्यूनिंग केलं तर परत बसवल्यावर मिश्रण बदलतं. गाडी उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये हे काम जिवावर बेतू शकतं.

स्क्रू दोन आहेत. एक थ्रॉटल उघडा ठेवणारा, तो स्लोचा. दुसरा टोकदार सुईचा, तो स्लोच्या वेळचं मिश्रण ठरवतो. दीड वर्षात स्लोचा स्क्रू इतका आत गेला होता की थ्रॉटलची चकती स्लोच्या भोकाच्या पुढे सरकून वरची फट उघडी पडली होती. पेट्रोल तिथूनच येत होतं, त्यामुळे मिश्रणाचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नव्हता. मिस्त्रीने निदान केलं, 'जेट चोकअप,' म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक तुंबलंय. जेट साफ होता. तुमच्याही गाडीचा मिश्रणाचा स्क्रू मेल्यासारखा वाटत असेल तर आधी स्लोचा स्क्रू पूर्ण बाहेर घ्या आणि जेमतेम टेकेल इतकाच आत आणून तिथून एक फेरा द्या. मगच जेटवर संशय घ्या.

मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा. आवळू नका, सुईला गोल खाच पडली की ती पुन्हा कधी नीट लागत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन सुरू करा, स्लो ६०० च्या आसपास आणा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घेत जा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. इंजिन कापायला लागलं की ती कमी पेट्रोलची हद्द. आता बाहेर घेत जा. आवाज जड होऊन डुलायला लागला की ती जास्तीची हद्द. मधे जिथे सगळ्यांत गुळगुळीत आणि वेगात चालतं तिथे थांबा आणि केसभर जास्तीकडे ठेवा. स्लो वाढला असेल, तो स्क्रूने खाली आणा, मग मिश्रण पुन्हा एकदा. दोन-तीन वेळा आलटून पालटून केलं की जागा सापडते.

जुन्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपेक्षा मला पाव फेरा जास्त बाहेर लागला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. शिवाय ते पाणी ओढतं आणि पेट्रोल पंपाचा जुना डायफ्राम, रबरी नळ्या लवकर खातं. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करा.

काहींनी मला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायला सांगितलं. बसवा, हरकत नाही, टाचेचा प्रश्नच मिटतो. पण बुशमधला प्ले तसाच ठेवून मॉड्यूल टाकलंत तर पैसे जातील आणि लंगडणं राहील. मी पॉइंटच ठेवलाय, कारण घाटात काही झालं तर तो नेलकटरच्या कानशीनेही मार्गी लावता येतो.

बुश घालून चार महिने झाले. मधे ट्रॉलीसकट दोनदा महाडला जाऊन आलो. परवा मोजला तेव्हा पॉइंट ०.४९ होता, टायमिंग खुणेवर, स्लोच्या स्क्रूला खडूने केलेली रेघ जिथल्या तिथे. चौथा प्लग मात्र बाकीच्यांपेक्षा जरा काळा निघाला. रात्री दिवे घालवून कॅपवर पाण्याचा फवारा मारला तर चौथ्या टोकापाशी निळी रेघ नाचताना दिसली. कॅपला केसाएवढी तड आहे, नवीन सांगून ठेवलीय.